थांब कुणीही म्हणावं

क्रेनवाला सकाळी शिडी चढताना कुणाशी बोलायचा नाही. शिडी लोखंडाची, सरळ उभी. तिला दोन्ही हात आणि दोन्ही पाय द्यावे लागतात. वर केबिनमध्ये पोचला की तो आधी काच पुसायचा. मग दोन्ही लिव्हर रिकामे हलवून बघायचा. मग हूक थोडा खाली, थोडा वर. एवढं झाल्याशिवाय त्यानं कधी माल उचलला नाही. खालून घाई करणाऱ्या सुपरवायझरला तो वरून एक हात दाखवायचा, आणि तो हात कामाच्या इशाऱ्यांपैकी नव्हता.

यार्ड पाइपांचं होतं. लोखंडी पाइप ट्रकमधून उतरवायचे, रचायचे, पुन्हा ट्रकवर चढवायचे. लोखंडावर लोखंड आपटण्याच्या आवाजात तोंडाचा काही उपयोग नाही. म्हणून खाली एक माणूस उभा असतो आणि तो हातांनी सांगतो. हात वर करून बोट फिरवलं तर उचल. हात खाली करून फिरवलं तर सोड. एका हातानं इशारा आणि दुसरा हात त्याच्यापुढे स्थिर धरला तर तेच काम, पण सावकाश.

क्रेनवाल्याचा खालचा माणूस म्हणजे मुका. हा मुका बोलायला लागला की आवरायचा नाही. दिवसभर हातांनी बोलून जे तुंबायचं ते तो चहाच्या वेळी तोंडावाटे सोडून द्यायचा, म्हणून कुणीतरी थट्टेनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

वर बसणाऱ्यानं खालच्या एकाच माणसाचं ऐकायचं असतं. चार जण चार बाजूंनी हात हलवायला लागले तर माल कुणाच्या तरी डोक्यात जातो. पण एक इशारा याला अपवाद आहे: थांब. हात आडवा, पंजा जमिनीकडे, आणि झटका. हा इशारा झाडूवालीनं दिला तरी थांबायचं. ट्रकच्या क्लीनरनं माशी हाकलताना चुकून दिला तरी थांबायचं. आधी थांबायचं आणि मग विचारायचं. क्रेनवाल्यानं नोकरीभर हे पाळलं होतं.

आवाजानं त्याचे कान मंदावले होते. घरी बायको बोलून दमायची. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. आठ तास वाफेत उभं राहून आल्यावर प्रत्येक वाक्य दोनदा सांगायचा तिला कंटाळा यायचा. यावर उपाय काढला मुलीनं. लहानपणापासून ती दिसेल त्यावर चढायची, कपाटावर, खिडकीच्या गजांवर, बापाच्या खांद्यावर, म्हणून तिला घरात खार म्हणत. बापाकडून तिनं सगळे इशारे खेळता खेळता उचलले. पाण्याचा तांब्या इकडे आण. पंखा सावकाश. आईचं डोकं तापलंय, सगळंच थांबव. जेवणाच्या टेबलावर बाप-लेकीचे हात सारखे चालायचे आणि आई म्हणायची, "घरात आणलंत का यार्ड? आता मला पण हेल्मेट द्या एक."

खार नववीत गेली तेव्हाची गोष्ट. सुट्टीच्या दिवशी ती आणि खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण, चष्मेवाली, गच्चीवर गाणं लावून नाचत होत्या. क्रेनवाला वाळलेले कपडे काढायला गेला होता. खार ओरडली, "बाबा, मी माल! चालवा मला!" त्यानं कपडे बाजूला ठेवले आणि इशारे सुरू केले. उचल म्हटलं की ती टाचा उंचावून वर, सोड म्हटलं की गुडघ्यांतून खाली, वळव म्हटलं की गिरकी. गाण्याच्या ठेक्यात ते असं काही बसलं की चष्मेवालीनं ते खारच्या फोनवर टिपलं आणि खारच्याच खात्यावर टाकलं.

दोन-तीन दिवसांत ते कुठल्या कुठे गेलं. क्रेनवाला जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये शिरला तर सगळ्यांनी हात वर करून बोटं फिरवली. "या हिरो, या!" ऑफिसातली बाई, जिनं कधी मान वर करून केबिनकडे बघितलं नव्हतं, तिनं विचारलं, "ते तुम्हीच ना?" क्रेनवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकी वर्षं शिडी चढून, डोळ्यांत तेल घालून त्यानं टनांनी लोखंड हलवलं होतं. एकदाही कुणी टाळी वाजवली नव्हती. आणि इथे कपडे वाळत घालायच्या जागी केलेल्या गमतीला लोक डोक्यावर घेत होते. कष्टाशिवाय मिळालेलं हे त्याला थोडं टोचायला हवं होतं. टोचलं नाही. त्यानं फोनमध्ये स्वतःचंही खातं उघडून घेतलं.

पुढचे व्हिडिओ त्यानंच काढले. चष्मेवालीचा हात हलतो म्हणून त्यानं फोन आपल्याकडे घेतला. माणूस कामाचा पक्का. नीट होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लावायचा. बापाचे इशारे आता फोनमागून, एका हातानं. बघणारे लिहायचे. छान. मस्त. मग लिहायला लागले, अजून वर. एकानं लिहिलं, क्रेन म्हणवता आणि जमिनीवर नाचता?

"कठड्यावर करू?" खारनं विचारलं.

क्रेनवाला कठड्यापाशी गेला. हातानं दाबून पाहिला, पाऊल आडवं ठेवून रुंदी मोजली. "माझ्या गर्डरपेक्षा रुंद आहे," तो म्हणाला.

त्याच्याच धंद्यातला माणूस करील अशी ही चूक होती. दुसऱ्या कुठल्याही बापानं कठड्यापलीकडे एकदा वाकून बघितलं असतं आणि पोरीला कान धरून खाली आणलं असतं. याला उंचीचं काही वाटतच नव्हतं. तो फक्त पायाखाली जागा किती ते बघत होता. गर्डरवरून, म्हणजे क्रेनच्या आडव्या लोखंडी तुळईवरून, तो रोज चालायचा हे खरं, पण कमरेला पट्टा आणि पट्ट्याचा हूक वरच्या दोराला. गच्चीवर तो पट्टा त्याला आठवला नाही.

बायकोला कठड्यावरच्या नाचाचा व्हिडिओ धुलाईघरात कुणीतरी दाखवला. ती घरी आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. "पोरगी माझी पण आहे ना? की नुसत्या चादरी माझ्या?"

"अगं, मी होतो तिथं."

"तुम्ही कुठं होतात? तुम्ही फोनमध्ये होतात."

त्याला ते ऐकू आलं. त्यानं कानावर हात ठेवून ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मुक्यानं तोच व्हिडिओ कँटीनमध्ये पाहिला. पाहताना पहिल्यांदाच तो काही बोलला नाही. फोन परत दिला, उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर हात आडवा करून झटका दिला. थांब.

लोक हसले. क्रेनवालाही हसला. "बस रे बाबा. यार्डात तू माझा खालचा. घरी नाही."

"मी चेष्टा करत नाहीये."

"तुला कुणी बघत नाही म्हणून जळतोस."

"मला बघून कुणाचं भलं होणार आहे?" मुका म्हणाला. "माझं तोंड बघ. पण पोरीला खाली घे."

क्रेनवाला उरलेला चहा न पिताच उठला. त्या दुपारी केबिनमधून तो मुक्याचे इशारे अगदी काटेकोर पाळत होता, आणि मनात त्याच्याशी भांडत होता.

तरी कुठेतरी ते लागलं. त्यानं खारला सांगितलं की आता परीक्षा होईपर्यंत बंद. ती हो म्हणाली. बापाशिवाय आपण काही करू शकत नाही असं बापाला वाटू द्यावं, एवढी ती शहाणी होती. त्यानंही पुढे काही विचारलं नाही. फोन तिच्याकडेच राहिला.

काही दिवसांनी एकदा हूकला पाइपांचा मोठा गठ्ठा होता आणि तो ट्रकच्या वर लोंबत होता. मुक्याकडे सुपरवायझर पळत आला, कानात काही बोलला. मुक्यानं थांबचा हात दिला. क्रेनवाल्यानं थांबवलं. मग मुक्यानं सावकाश, नेहमीपेक्षा सावकाश, गठ्ठा जमिनीवर उतरवून घेतला. गठ्ठ्याचे पट्टे सैल झाले तेव्हा त्यानं वर बघून हातानं खुणावलं, तू खाली ये. त्यांच्या कामात असा इशाराच नव्हता. क्रेनवाला शिडी उतरताना एकदा पायरी चुकला.

खार गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढली होती. एकटी. फोन टाकीवरच एका डब्याला टेकवून ठेवला होता आणि लोक ते घडत असतानाच बघत होते. टाकीच्या झाकणावर ओल होती. ती पडली ती सुदैवानं गच्चीच्या आतल्या बाजूला, दोन्ही पायांवर, आणि सगळा भार उजव्या टाचेनं घेतला. डॉक्टर म्हणाले, टाचेचं हाड अंड्याच्या कवचासारखं फुटलंय. पाय राहील. नाच राहील का, ते आत्ता विचारू नका.

बायको इस्पितळाच्या कपड्यांतच वॉर्डात आली होती. ती तिथंच कामाला. तिनं मुलीच्या अंगाखालची चादर हातानं ताणून सरळ केली, कोपरे आत दुमडले. नवऱ्याकडे बघितलं नाही.

पडण्याचा तो व्हिडिओ तसाच राहिला. इतका कुठलाच पाहिला गेला नव्हता. खार तो काढायला तयार नव्हती, म्हणून क्रेनवाल्यानं आपल्या खात्यावरून त्याच्यावर तक्रारीचं बटण दाबलं. कारण निवडा असं आलं. त्यानं धोका निवडला. उत्तर आलं ते असं: आम्ही तपासलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही, कळवल्याबद्दल आभार. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा आभार.

"माझ्या पोरीचा पाय मोडला आणि हे आभार मानतायत," तो मुक्याला म्हणाला. दोघं पाइपांच्या ढिगाआड उभे होते. "या लोकांना कोर्टात खेचलं पाहिजे. लहान पोरांना वर चढवायचं आणि खालून मजा बघायची."

"खेच की."

"तू त्यांच्या बाजूनं आहेस का?"

मुक्यानं नेहमीसारखी लांबण लावली नाही. "साखळी तुटून माणूस गेला होता तेव्हाची चौकशी आठवते? साखळी बनवणाऱ्याला बोलावलं होतं. आणि न तपासता अडकवणाऱ्यालाही. पहिला दोषी ठरला म्हणून दुसरा सुटला नाही."

"म्हणजे मी."

"मी नाव घेतलं नाही," मुका म्हणाला. "मी त्या दिवशी थांबचा हात दिला होता, तो पण आता पुन्हा देत नाही."

त्या संध्याकाळी क्रेनवाला वॉर्डातल्या स्टुलावर बसला. खार डोळे मिटून पडली होती, पण जागी होती. फोन तिच्या उशीशी होता. त्यानं हळूच विचारलं, "तू टाकीवर होतीस तेव्हा लोक काय लिहीत होते?"

"बघायचंय?"

तिनं फोन दिला. व्हिडिओखाली लिहिलेलं दिसत होतं. उडी मार. घाबरली का? एका पायावर कर. प्रत्येकापुढे पसंतीच्या लाल बदामांचा ढीग. "एवढंच दिसत होतं मला," खार म्हणाली. "वाचत होते ना मी वरून. सगळे म्हणत होते कर. कुणीच उतर म्हटलं नाही, बाबा. एकानं जरी म्हटलं असतं…"

क्रेनवाला खाली खाली वाचत गेला. त्याला वाचनाची सवय नव्हती. बोट ठेवून तो एकेक ओळ घ्यायचा, जसा नवा माणूस हूक तपासतो. बदाम कमी होत गेले. बरंच खाली, जिथं एकाही शब्दापुढे एकही बदाम नव्हता, तिथं त्याला सापडलं. उतर ग. पुढे पुन्हा, झाकण ओलं आहे उतर. तिसरं कुठल्या तरी अनोळखी बाईनं लिहिलं होतं, बाळा खाली ये, तुझी आई कुठे आहे? आणि एक नाव परत परत येत होतं, ते चष्मेवालीचं. उतर. उतर ना. मी वर येतेय, हलू नकोस.

त्यानं फोन तिच्यापुढे धरला. ती वाचत राहिली. ओठ हलत होते.

"हे मला दिसलंच नाही."

"खाली होतं."

"पण का? ही तर माझी मैत्रीण आहे. हिचं आधी दिसायला नको?"

क्रेनवाल्यानं पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. एवढं त्याला दिसत होतं की ज्याला जास्त टाळ्या, तो वर, आणि थांब म्हणणाऱ्याला कोण टाळ्या वाजवणार? कुणीतरी, कुठल्या तरी खोलीत पगार घेऊन, हे असंच चालावं असं बसवलं होतं. यार्डात असं यंत्र कुणी आणलं असतं, ज्याला उचल ऐकू येतं आणि थांब ऐकू येत नाही, तर पहिल्या दिवशीच कामगारांनी ते बंद पाडलं असतं. त्याला त्या लोकांचा राग आला, आणि तो राग खोटा नव्हता. पण तो राग धरून आरामात बसताही येईना.

"मला मुक्यानं सांगितलं होतं," तो म्हणाला. "कठड्याचा व्हिडिओ बघून. सगळ्यांसमोर थांब दिला होता त्यानं. तो तर मला दिसला होता. माझ्यापुढे कुणी झाकून ठेवला नव्हता."

खार त्याच्याकडे बघत राहिली. "मग?"

"मग मी हसलो."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. मग भिंतीलाच म्हणाली, "मुकाकाका अजून बोलतात तुमच्याशी?"

"बोलतोय. तेच तर थांबत नाही."

तिला हसू आलं नाही. आलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

खारला घरी आणल्यावर लोकांचे प्रश्न सुरूच होते. पाय कसा आहे? पुढचा कधी? प्लास्टरवर नाच ना! खार ते वाचून उठून बसायची, केस नीट करायची, आईला म्हणायची, खुर्चीत बसूनच करते, नुसते हात. आई काही न बोलता तिच्या पुढ्यात ताट ठेवायची आणि ती जेवेपर्यंत उभी राहायची. एका दुपारी मात्र आई बोलली. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सुरू केलंत. तुम्ही बंद करा."

क्रेनवाल्यानं फोन मागितला. खारनं दिला. मग त्यानं तो तिच्याच हातात परत ठेवला.

"मी केलं तर तू दुसरं उघडशील," तो म्हणाला. "तुझ्या हातानं कर. मी बसतो इथं."

"मला नाही जमणार."

"जड आहे?"

"हो."

"मग सावकाश कर. जड माल सावकाशच हलवतात."

तिनं खातं मिटवण्याची जागा शोधली. ती सहज सापडेल अशी नव्हतीच. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शेवटी विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? तिनं हो दाबलं. तुमचे मित्र तुम्हाला विसरतील, खात्री आहे का? तिनं बापाकडे बघितलं. बाप खिडकीकडे बघत होता. हो. थोडी विश्रांती घेऊन बघायची का? नाही. खात्री आहे का?

"टाकीवर चढले तेव्हा एकदाही विचारलं नाही यानं," खार म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडली ती पायासाठी नाही. आपल्याला आवडणारं काहीतरी ती स्वतःच्या हातानं मिटवत होती.

खातं लगेच मिटलं नाही. महिनाभर ते तसंच ठेवलं जाणार होतं. या महिन्यात एकदा जरी उघडलं तर सगळं होतं तसं परत. पडण्याच्या व्हिडिओच्या नकलाही लोकांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. एका सकाळी कँटीनच्या कोपऱ्यात नवीन आलेला हेल्पर हसण्याचं गाणं जोडलेला तो तुकडा बघत होता. त्याला माहीत नव्हतं ती कोण. मुक्यानं त्याच्या हातातला फोन पालथा करून टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसून बोलायला लागला, पाऊण तास.

क्रेनवाला रोज कामावरून आला की पहिला प्रश्न विचारायचा, "उघडलंस?" ती म्हणायची, नाही. तो तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचा. हात वाचता यायचे त्याला, चेहरे नाही.

आठवडाभरानं तिनं सांगितलं, "बाबा, रोज विचारू नका. विचारलंत की आठवण येते. दिवसभर मी विसरलेली असते आणि तुम्ही दारात उभे राहून तेच आणता."

त्यानं मान डोलवली. दुसऱ्या दिवशी दारात त्यानं चप्पल काढली, पिशवी ठेवली, हात-पाय धुतले. प्रश्न जिभेवर होता. केबिनमध्ये दिवसभर बसून हात दुखायचे ते दुखणं वेगळं. हे गप्प राहणं त्याहून जास्त अंगमेहनतीचं निघालं. बायकोनं मटारच्या शेंगांची परात मध्ये ठेवली आणि तिघं सोलायला बसली. खारचा प्लास्टरचा पाय समोरच्या खुर्चीवर होता. चष्मेवाली येऊन शाळेतलं काहीतरी सांगून गेली.

सोलता सोलता खार थांबली. बोलता बोलता विसरल्यासारखी ती टेबलाकडे बघत होती, आणि तिचा उजवा अंगठा टेबलावर हळूहळू वर सरकत होता. वर, पुन्हा खाली येऊन वर. अंगठ्याखाली फोन नव्हता, नुसतं टेबल होतं.

क्रेनवाल्यानं बघितलं. बायकोनंही बघितलं, आणि नवऱ्याकडे बघितलं. त्यानं आपल्यासमोरच्या शेंगा अर्ध्या उचलून मुलीच्या पुढ्यात सरकवल्या.

खारचं लक्ष गेलं. तिनं अंगठा मुठीत घेतला, मूठ मांडीखाली दाबली, आणि डाव्या हातानं शेंग उचलली. एका हातानं शेंग सोलणं अवघड असतं. ती सोलत राहिली.